पाळणे

मराठीत माणसे कुत्रा पाळतात, वेळ पाळतात, पथ्य पाळतात, सुतक पाळतात आणि शब्दही पाळतात. इतक्या निरनिराळ्या गोष्टींना एकच क्रियापद कसे पुरते, याचे व्याकरणाच्या तासाला कोणालाच नवल वाटत नाही. संस्कृत ‘पाल्’ म्हणजे रक्षण करणे. तेथूनच गोपाळ आला, प्रतिपाळ आला, राज्यपालही आला. मग ‘आज्ञा पाळणे’ म्हणजे आज्ञेचे रक्षण करणे असे समजायचे काय? आणि ज्याला आपण पाळतो त्याने आपली आज्ञा पाळावी, असे म्हणताना या व्यवहारातला कर्ता कोण आणि कर्म कोण? गेल्या चार वर्षांत एका कुत्र्याच्या सहवासात या प्रश्नाने आम्हांला बरेच गुंतवून ठेवले आहे. कुत्र्याला वळण कसे लावावे याची पुस्तके पुष्कळ आहेत, त्यांत भर घालण्याचा आमचा हेतू नाही. वळण लावता लावता भाषेचे काय होते, एवढेच येथे मांडायचे आहे.

प्रथम एक खुलासा. या लेखातले ‘आम्ही’ आदरार्थी नाही, ते निव्वळ अनेकवचन आहे. आम्ही दोघे. एक साताऱ्यात शिकवतो, दुसरी सांगलीत. घर साताऱ्याला, आणि कृष्णाकाठचे जुने घर व त्यात राहणाऱ्या आई सांगलीला. दोन गावांमध्ये सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर. आठवड्याचे काही दिवस येथे, काही तेथे, असा आमचा संसार आहे, आणि मोत्या आला तो या येरझाऱ्यांतच.

मोत्या कारवानी आहे. सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग, साताऱ्याचा माण, सोलापूरकडचे माळरान आणि सीमेपलीकडचे मुधोळ या टापूत धनगर-मेंढपाळांनी आणि शिकारीच्या शौकिनांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ही जात. लांब निमुळते तोंड, खोल छाती, पाठीला चिकटलेले पोट, आणि धावू लागला की चार पाय एकत्र येऊन पुन्हा फाकणारी ती विलक्षण झेप. मुधोळच्या नावाने ही जात देशभर माहीत झाली; २००५ साली टपाल खात्याने तिचे तिकीटही काढले. पण तिच्या कीर्तीपेक्षा आम्हांला तिच्या डोळ्यांची चिंता होती. बहुतेक शिकारी कुत्री वासाने माग काढतात, ही डोळ्यांनी शिकार करते. दूर काही हलले की हिचे शरीर निघालेले असते, आणि एकदा निघाले की कान जणू बंद होतात. माळावर ससा होता तेव्हा हा गुण होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, पण सशामागे धावणारे पाय उरले. साताऱ्याला खेटून महामार्ग जातो. तेथे हा गुण जिवावर बेतणारा होता.

जत तालुक्यातल्या ज्या म्हाताऱ्या मेंढपाळाकडून पिल्लू आणले, त्यांनी पैसे घेतले नाहीत, अट घातली. “सा म्हैनं बगा. नाय जमलं तर माघारी आणून सोडा. पर ह्याला साखळीवर ठेवू नगा. साखळीवरचं कुत्रं खुळं हुतं.” म्हणजे सहा महिन्यांत हाक मारल्यावर तो परत यायला शिकला नाही, तर तो आमचा नव्हता. बांधून ठेवण्याचा सोपा मार्ग शब्द देऊनच बंद झाला होता.

तेव्हा प्रश्न असा उभा राहिला: त्याला बोलवायचे कोणत्या शब्दाने?

आपल्या भाषेत कुत्र्यासाठी राखून ठेवलेले शब्द मोजून पाहिले तर ठळक असे तीनच निघतात. बोलवायचे तर ‘यू यू’, हाकलायचे तर ‘हाड’, अंगावर सोडायचे तर ‘छू’. तिन्ही शब्द कुत्र्याच्या जाण्यायेण्याचे आहेत. थांब, बस, सोड, राहू दे, यांसाठी वेगळा शब्द नाही, कारण गावातले कुत्रे कोणाला थांबवायचेच नव्हते. ते अंगणात असे, शिळी भाकरी खाई, रात्री भुंके, त्यापलीकडे त्याच्याशी बोलण्याचे काम पडत नसे. बैलाची गोष्ट वेगळी. औताच्या बैलाला वळवायला, थांबवायला, मागे सरकवायला शेतकऱ्याकडे ध्वनींची एक भाषाच असते. जेथे कष्ट वाटून घेतले तेथे भाषा झाली.

ही उणीव शहरांनी इंग्रजीने भरून काढली. ज्या घरात दिवसभरात एक इंग्रजी वाक्य कोणी बोलत नाही, तेथेही कुत्र्याला ‘सिट’, ‘स्टे’, ‘कम’ असेच सांगतात. साहेबाच्या कुत्र्याची ऐट हे त्याचे एक कारण असेल, पण दुसरे अधिक खरे आहे. त्या घरात ‘सिट’ हा शब्द कुत्र्याखेरीज कोणालाच उद्देशून वापरला जात नाही, म्हणून तो स्वच्छ राहतो.

आमचा पहिला कल अर्थातच मराठीकडे होता. ‘ये’ हा शब्द घेऊन पाहिला, आणि दोन दिवसांत त्याची अवस्था ध्यानात आली. आपण घरात दिवसातून किती वेळा ‘ये’ म्हणतो याची मोजदाद कोणी करीत नाही. जेवायला ये, इकडे ये, जाऊन ये. त्याहून मौज म्हणजे मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ते अशुभ. तो म्हणतो ‘येतो’. म्हणजे मोत्याच्या कानाने ऐकायचे तर ‘ये’ हा आवाज झाला की कधी त्याने जवळ जायचे, कधी ताट मांडले जाते, आणि कधी दार लावून माणसेच निघून जातात. ‘बस’ची तीच कथा. बस म्हणजे बैस, बस म्हणजे पुरे, बस म्हणजे सांगलीची एस. टी. ‘नको’ तर आपण आग्रहाच्या जेवणात इतक्या वेळा खोटे म्हणतो की त्या शब्दाचा नकार कधीच झिजून गेला आहे.

अनेकार्थता ही भाषेची श्रीमंती, असे आम्ही दोघेही वर्गात शिकवतो, आणि ते खरेच आहे. कवितेला हेच लागते. पण समोरचा जीव केवळ ध्वनीवर विसंबून असेल आणि रस्त्यावरून ट्रक येत असेल, तर त्याला एकार्थी शब्द देणे हे आपले काम आहे. शेवटी शब्द सापडला तो वर्गातच: ‘हजर’. घरात कोणी तो उच्चारत नव्हते. दोन अक्षरांवर पडणारा स्पष्ट आघात, शेवटी लांबवता येणारा ‘र’, आणि वाऱ्यात फुटणार नाही असा ‘ज’. वर्गात तो विद्यार्थ्याने म्हणायचा असतो. येथे तो आम्ही म्हणायचा आणि मोत्याने सिद्ध करायचा.

मग त्या शब्दाचे पथ्य सुरू झाले. ‘हजर’ म्हटले आणि तो आला की प्रत्येक वेळी उकडलेल्या अंड्याचा तुकडा, तोही आल्याआल्या, उशीर नाही. पहिले आठवडे खोलीत, मग अंगणात, मग बैलाला लावतात तसा लांब कासरा बांधून मोकळ्या रानात. तीन नियम ठरले. ‘हजर’ म्हणून बोलावून कधी रागवायचे नाही. आंघोळ घालायला, औषध पाजायला त्या शब्दाने बोलवायचे नाही. त्यासाठी आपण उठून त्याच्याकडे जायचे. आणि तो येईल अशी खात्री नसेल, हाती कासराही नसेल, तेव्हा शब्द वायाच घालवायचा नाही. हे तिन्ही नियम कुत्र्यासाठी नव्हते, आमच्यासाठी होते. शब्द पाळणे म्हणजे काय, हे यापूर्वी आम्ही इतके शब्दशः कधी केले नव्हते.

शेजारपाजारच्या सल्ल्याची दिशा अर्थातच निराळी होती. ‘दोन रट्टे घाला, मालक कोण ते कळू दे’ हा एक, आणि ‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच’ हा दुसरा. गंमत म्हणजे हे दोन्ही सल्ले बहुधा एकच माणूस देतो. म्हणीचा विचार केला तर तिच्यातला दोष शेपटाचा नसून नळीचा आहे. शेपूट सरळ व्हावे ही अपेक्षाच चमत्कारिक. वळण लावणे म्हणजे हाडांचा आकार बदलणे नव्हे. धावण्याची ओढ मोत्यातून कधीच जाणार नव्हती. धावताना मागे वळून पाहण्याचे एक कारण त्याला मिळावे, एवढेच करता येण्याजोगे होते.

रट्ट्यांच्या मतालाही एक इतिहास आहे. जर्मनीत कोनराड मोस्ट याने १९१० साली पोलिसी कुत्र्यांच्या शिक्षणाचे पुस्तक लिहिले. त्यात सक्तीला मोठे स्थान होते, आणि दोन महायुद्धांच्या काळात ही रीत लष्करांतून पसरली. तिला पुढे शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे झाले. रुडॉल्फ शेंकेल याने १९४७ साली बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले, त्यातून ‘कळपाचा सत्ताधीश’ ही कल्पना रूढ झाली, आणि कुत्र्याच्या घरात माणसाने तो सत्ताधीश व्हावे असे सांगितले जाऊ लागले. ही कल्पना १९७० च्या आपल्या ग्रंथातून लोकप्रिय करणाऱ्या डेव्हिड मेक यांनीच १९९९ साली लिहिले की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, एक कुटुंब असते. तेथे सत्तेची झुंज शोधणे व्यर्थ आहे. दरम्यान स्किनरने १९५१ मध्ये एका लेखात टिक्‌टिक् वाजणाऱ्या खेळण्याने आणि खाऊने जनावरांना कसे शिकवता येते ते दाखवले होते, आणि कॅरन प्रायर यांच्या १९८४ च्या पुस्तकाने ती पद्धत घरोघर नेली. आम्ही जे अंड्याच्या तुकड्यांनी करीत होतो, ते याच वाटेवरचे होते.

पण शिक्षेबद्दलचे सर्वांत नेमके विवेचन आम्हांला महाभारतात आढळते. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराबरोबर चालत आलेला कुत्रा सर्वांना ठाऊक असतो. आदिपर्वाच्या आरंभीचा कुत्रा सहसा कोणी लक्षात ठेवत नाही. जनमेजयाच्या यज्ञाच्या ठिकाणी देवशुनी सरमेचे पिल्लू येते आणि जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जाते. तू काही अपराध केला असशील, असे ती म्हणते. पिल्लू सांगते, मी हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, ते चाटलेही नाही. सरमा यज्ञस्थळी येऊन विचारते, याला का मारले? कोणापाशीच उत्तर नसते. तेव्हा ती शाप देते की, न दिसणारे भय तुमच्यावर येईल.

हा शाप आम्हांला फार बारकाईने योजलेला वाटतो. ज्या माराचे कारण मार खाणाऱ्याला दिसत नाही, तो मार त्याच्या जगात अदृश्य भय सोडून जातो. सरमा तेच भय परत करते. कुत्र्याने सकाळी चप्पल फाडली आणि मालकाने संध्याकाळी मारले, तर कुत्र्याला चप्पल आठवत नाही. संध्याकाळी घरी येणारा माणूस केव्हाही मारू शकतो, एवढेच ते शिकते. वर्गांतून छडी गेली, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी झाली, पण कारण न सांगता भय पेरण्याच्या अनेक रीती आपल्या शिक्षणव्यवहारात शिल्लक आहेत, हे आपण सारेच जाणतो.

चौथ्या महिन्यात साताऱ्यात ‘हजर’ चांगला रुजला होता. सांगलीच्या अंगणात मात्र तोच शब्द मोत्याने असा ऐकला, जणू परभाषेतला असावा. हे कुत्र्यांच्या बाबतीत नेहमीचे आहे. ती शब्द एकटा शिकत नाहीत. जागा, वेळ, वास, बोलणाऱ्याची उभी राहण्याची ढब, या सगळ्यांसकट शिकतात. प्रत्येक नव्या जागी पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागते, आणि अशा अनेक जागा झाल्यावर मग शब्द जागांपासून सुटा होतो. संदर्भाशिवाय अर्थ नाही, हे वाक्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत आम्ही शेकड्यांनी तपासले आहे. ते असे चार पायांवर उभे राहिलेले प्रथमच पाहत होतो.

सांगलीत मोत्याला सर्वांत लवकर शिकवले ते आईंनी, आणि तेही शिकवण्याचा विचार मनात नसताना. आई दत्तभक्त. औदुंबरची वारी त्यांनी गुडघे चालले तोवर चुकवली नाही. देवघरातल्या तसबिरीत दत्ताच्या पायांशी चार कुत्री आहेत, ते चार वेद असे त्या नातवंडांना सांगत. पण तसबिरीतला कुत्रा वेगळा आणि स्वयंपाकघरातला वेगळा. पहिल्याच दिवशी मोत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आला तेव्हा त्या “इथवर” एवढेच म्हणाल्या आणि दारात उभ्या राहिल्या. तो बसला तेव्हा भाकरीचा तुकडा उंबऱ्याबाहेर ठेवला. दुसऱ्या दिवशी तेच. सणाला तेच, पाहुणे असताना तेच, पाऊस कोसळत असतानाही तेच. आवाज चढला नाही, हात उगारला गेला नाही, आणि नियम एकदाही सैल झाला नाही. आयुष्यभर सोवळे, उपास, वार पाळलेल्या बाईला ‘पाळणे’ नव्याने शिकायचे नव्हते. प्रशिक्षणाच्या पुस्तकांत ज्याला सातत्य म्हणतात, ते त्यांच्याकडे व्रताच्या रूपाने आधीच होते.

उंबरा हा शब्द मात्र आम्हांला सहजपणे लिहिता येत नाही. या भूमीत उंबऱ्याबाहेर थांबवले गेले ते मुख्यतः माणसांना. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या ज्या शाळेत भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले, तेथे त्यांना इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे. त्या अन्यायाची आणि कुत्र्याच्या वळणाची तुलना होऊ शकत नाही, आणि कोणी करूही नये. पण ‘शिस्त’ हा शब्द आपल्याकडे दोन्हीकडे वापरला गेला आहे, म्हणून प्रत्येक नियमाला एक प्रश्न विचारणे आवश्यक ठरते: हा नियम पाळणाऱ्याला सुरक्षित ठेवतो, की केवळ करणाऱ्याला मोठा करतो? ‘हजर’ पहिल्या कसोटीला उतरतो. आईंच्या ‘इथवर’बद्दल आमच्या दोघांत आजही मतभेद आहेत.

अमेरिकन कवयित्री आणि प्राणिप्रशिक्षक विकी हर्न यांनी १९८६ च्या ‘अ‍ॅडम्स टास्क’ या पुस्तकात या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला आहे. प्रशिक्षक जनावरांविषयी बोलताना प्रामाणिक, जबाबदार, विश्वासू अशी नैतिक विशेषणे वापरतात. विद्वान त्याला भाबडेपणा म्हणतात. हर्न म्हणतात की ही भाषाच योग्य आहे, कारण आज्ञा देणारा त्या आज्ञेने स्वतःही बांधला जातो. त्यांच्या काही पद्धती आज कठोर वाटतात, परंतु हे निरीक्षण आम्हांला अनुभवाने पटले.

सहाव्या महिन्याच्या अखेरीस आम्ही मोत्याला संगम माहुलीला नेले. साताऱ्याच्या पूर्वेला कृष्णा आणि वेण्णा मिळतात, तेथे देवळे आहेत, छत्रपती शाहूंची समाधी आहे, आणि त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचेही स्मारक आहे. साताऱ्याचा रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात नोंदवले आहे की, वाघापासून जीव वाचवणाऱ्या कुत्र्याला शाहू महाराजांनी रीतसर सनद करून जहागीर आणि पालखीचा मान दिला. डफला ते विक्षिप्तपणाचे वाटले. वाचता न येणाऱ्या जीवाला लेखी वचन देणे हे वरवर हास्यास्पद खरेच. पण ज्याला कागद वाचता येत नाही, वचन मोडले तर दाद मागता येत नाही, त्याला दिलेला शब्द पाळणे हे देणाऱ्याचेच काम उरते. तेथे सनद फक्त देणाऱ्याला बांधते.

कासरा सोडून आम्ही वाळवंटाच्या कडेने चालत होतो. पलीकडे शेळ्यांचा कळप उधळला आणि मोत्या निघाला. त्या वेगापुढे माणसाचे धावणे निरर्थक असते. हाताशी काही उरत नाही, फक्त शब्द उरतो. आमच्यापैकी एकाने ‘हजर’ म्हटले, ओरडून नव्हे, वर्गात म्हणतात त्या पट्टीत. तो आणखी चार झेपा गेला. मग त्याने एक मोठा गोल वळसा घेतला, जसा या जातीला घ्यावाच लागतो, आणि परत आला. अंड्याचे सगळे तुकडे त्याला एकदमच मिळाले. त्यानंतरही महामार्गाजवळ आम्ही त्याला मोकळा सोडलेला नाही. दहांतून नऊ वेळा येणारा कुत्रा उत्तम शिकलेला असतो, आणि रस्त्याला एक वेळ पुरते. जतला निरोप पाठवला तेव्हा म्हाताऱ्यांनी एवढेच विचारले, “साखळी न्हाय न्हवं?”

मागच्या पावसाळ्यात आई गेल्या. सुतक पाळले, दिवस झाले, पाहुणे आपापल्या गावी परतले. स्वयंपाकघर आता आमचेच. सोवळे उरलेले नाही, तेथे कोणी ‘इथवर’ म्हणत नाही. मोत्या मात्र उंबऱ्यापाशी येतो, पुढचे दोन्ही पाय जुळवून अलीकडे बसतो आणि आत पाहत राहतो. आमच्यापैकी एकाला वाटते, त्याला हाक मारून आत घ्यावे, नियम करणारी व्यक्तीच राहिली नाही. दुसरीला वाटते, तो जे पाळतो आहे ती आता आज्ञा राहिलेली नाही, आणि तिचे नाव आपल्याला माहीत नसताना ती मोडणारे आपण कोण. हा वाद मिटलेला नाही. तूर्त भाकरीचा तुकडा उंबऱ्याबाहेरच ठेवला जातो.